पुन्हाचा ठोकळा

उखर्डू आणि भटूचं भांडण सकाळी सातला सुरू झालं. साडेसातला ते दोघांच्या आजोबांपर्यंत पोचलं, आणि आठच्या सुमारास उखर्डूने भटूच्या आजोबांबद्दल असं काही सांगितलं की भटू दोन मिनिटं गप्पच बसला, कारण ते त्यालाही नवीन होतं. भांडणाचं कारण नेहमीचंच, बांध. भटूने नांगराचं एक तास, म्हणजे एक ओळ, बांधात घातलं, असं उखर्डूचं म्हणणं. बांधच आपल्या वावरात चालत आला, असं भटूचं.

अशा वेळी खैरपाट गावात एकच माणूस बोलवायचा असे, चिंधा आबा. आबा यायचे, चपला काढायचे, बांधाच्या टोकाला उभं राहून डोळे मिटून काहीतरी पुटपुटायचे आणि पावली मोजत निघायचे. सरकारी मोजणीची साखळी उन्हात लांबते नि थंडीत आखडते, आबांची पावली मात्र बारमाही सारखी, असं गाव मानायचं. आबाही मानायचे.

फाल्गुनाचं ऊन चढत होतं. कापसाची पऱ्हाटी उपटून झालेली, वावरं उघडी पडलेली, भेगांत बोट जाईल अशी काळी जमीन. आबा शेवटची पावली टाकून थांबले.

"भटू, तुना नांगर दीड हात इकडे उना. कबूल कर."

"आबा, बैल नवा शे."

"बैल नवा शे, पन तू जुना शे."

भटू हसला, म्हणजे निकाल लागला. आबा चपला घालायला वळले, तेवढ्यात गाडरस्त्याने शाळेची पोरं आली. पुढे एक पोरगा उभी काठी धरून. त्याच्यामागे डोक्यावर गोणपाटाची खोळ घेतलेली एक पोरगी, बैलाला झापड लावल्यासारखी, फक्त समोर बघणारी. तिच्या कमरेला सुतळीने बांधलेला डालड्याचा डबा, डब्याच्या बुडाला भोक, भोकातून गळणारी होळीची राख. आणि सगळ्यात मागे जीवराम गुरुजी, एकात एक अडकवलेले लाकडी ठोकळे छातीशी धरून, भरली चरवी न्यावी तसे.

"पुढे दहा!" गुरुजी म्हणाले.

पोरगी दहा पावलं चालली आणि थांबली. समोर म्हैस बसली होती. म्हैस तिच्याकडे बघत राहिली, ती म्हशीकडे.

"उजवीकडे!"

पोरगी वळली. म्हशीने सुस्कारा सोडला.

"आबा, ही भानामती तं नही?" भटूने विचारलं.

"सरकारी लसना नवा प्रकार व्हई," उखर्डू म्हणाला. भांडण मिटल्या मिटल्या दोघांचं एकमत झालं होतं की यात काहीतरी काळंबेरं आहे.

आबांची नजर त्या पोरीच्या पायांवर होती. खोळीखाली दिसणारे चांदीचे वाळे त्यांनीच चोपड्याहून आणले होते. पोरगी त्यांची नात होती, ताईबाई, इयत्ता तिसरी.

दुपारी ताईबाई भाकरीवर ठेचा घेऊन बसली, तेव्हा आबा सहज विचारल्यासारखे तिच्याजवळ टेकले.

"ते काय चालनं व्हतं वं, गाडरस्तावर?"

"मी कासव शे, आबा."

"कोनी सांगं?"

"गुरुजीनी. त्यासनी जळगावले शिबिरमा कंपुटर नावना डब्बामा कासव देखं, काचना मांगे. त्याले ठोकळा मांडी दिधात की ते चालस. आपली शायामा डब्बा नही, म्हनीसन मी."

"मंग तू सोतानं डोकं चालाडस का नही?"

"नही!" ताईबाईला त्या प्रश्नाचा रागच आला. "कासवले डोकं चालाडानं नही. ठोकळा सांगी तितलंच करानं. डोकं ठोकळा मांडनाराले लागस."

मग तिने राखेत बोटाने ठोकळे काढून दाखवले. बाण म्हणजे पुढे. वाकडा बाण म्हणजे वळणं. आणि एक नालेच्या आकाराचा, पोट रिकामं असलेला. "हाऊ पुन्हाना ठोकळा. याना पोटमा दुसरा ठोकळा घालाना. वर तीन लिखं तं पोटमानं बठ्ठं तीन डाव."

"आनि पावलं मोजतस?"

"मोजनाच पडतस. मोजं नही तं कासव विहिरमा जाई."

आबांनी ठेचा खाल्ला नव्हता, तरी त्यांना ठसका लागला. आतून वच्छलाबाईने, म्हणजे आबांच्या बायकोने, पाण्याचा तांब्या पुढे केला. चाळीस वर्षांच्या संसारात तिने आबांना दोनदाच घाबरलेलं पाहिलं होतं, आणि दोन्ही वेळा मोजणीवाला आला होता.

आता हे सांगायलाच हवं. आबांच्या पावणेदोन एकराच्या दक्षिणेला अभिमनचं वावर. मध्ये बांध. त्या बांधाच्या पश्चिम टोकाला, विहिरीजवळ, आबा दर वर्षी नांगराचं एक तास जास्त घालत. एकच. वर्षाला वीतभर. सुरुवात कशी झाली ते आबांनाही आठवत नव्हतं. बहुतेक बैल नवा होता. पण बावीस वर्षं झाली, बैल चार बदलले, आणि प्रत्येक बैलाला विहिरीजवळ गेलं की आपोआप वीतभर दक्षिणेला सरायची सवय लागली. अभिमनच्या नजरेला ते कधी आलं नाही. तो त्या टोकाला यायचाच नाही. त्याचं सगळं चित्त पूर्वेच्या टोकाला, निंबाखाली. आबा आपले दर वर्षी भरताच्या वांग्यांची पहिली पाटी अभिमनकडे पाठवायचे. अभिमन उलट गुळाची भेली पाठवायचा. ती भेली फोडताना आबांना दर वर्षी वाटायचं, हा माणूस फार भोळा आहे.

आणि आता पावलं मोजणारी पोरं. कोणी पाठवलं या मास्तराला? जामनेरचा माणूस खैरपाटात कसा आला? बदलीने आला म्हणतो. बदली कोणी केली?

संध्याकाळी आबा सुपडू मिस्तरीच्या सुतारकामाच्या छपरात जाऊन बसले. सुपडू गाडीचं चाक ठोकत होता.

"सुपडू, गुरुजीना ठोकळा तू करात ना?"

"करात. गाडीना दांडाना तुकडा पडेल व्हतात. एकनी खाच, दुसराना दात. मस्त बसतस. आखो त्यासनी गुण्या मांगा."

"गुण्या?"

"काटकोनले. वळताना बराबर वळना पडस म्हने."

पावली आणि गुण्या. म्हणजे मोजणीच. त्यांनी आवाज खाली केला. "सुपडू, माले वाटस, हाई सरकारनं काम शे."

एवढंच बोलले. पण सुपडूकडे चाक न्यायला येणाऱ्या प्रत्येकाला ते कळलं, आणि प्रत्येकाने चाकाबरोबर ते थोडं दुरुस्त करून नेलं. दुसऱ्या दिवशी पारावर पाच गोष्टी होत्या. सरकार गावातून रस्ता काढणार आहे. सरकार गावातून धरण काढणार आहे. सातपुड्यातला वाघ खाली आणणार आहेत आणि पोरांना त्याच्यापुढे सरळ चालायला शिकवताहेत. ज्याचं पोर कासव होईल त्याचं नाव कुटुंबनियोजनाच्या यादीत जाईल. आणि पाचवी, जी सगळ्यांना पटली: पोरांचं डोकं काढून जळगावच्या डब्यात घालणार, म्हणून तर 'डोकं चालवू नको' असं आत्तापासून शिकवताहेत.

आबांना यातलं एकही खरं वाटत नव्हतं. त्यांनी पाचही गोष्टींना मान हलवली.

आश्चर्य एकच झालं. पारावर सगळ्यात मोठ्याने अभिमन बोलला.

"हाऊ मास्तर आठे नकोच!" त्याने काठी आपटली. "अर्ज करा. मी पहिला अंगठा देस. पोरेसनी पावलं मोजानी नहीत. मोजनं वाईट!"

आबा त्याच्याकडे बघत राहिले. अभिमनला शाळेत नातू नाही, नात नाही. हा का तापला? हा आपल्या बाजूने का बोलतोय? बावीस वर्षांत जो संशय आला नव्हता तो आबांना त्या क्षणी आला, आणि तो कशाचा आहे तेच कळेना.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर सगळा गाव शाळेच्या अंगणात जमला. जीवराम गुरुजी बारीक, चष्म्याला दोरी बांधलेला माणूस. त्यांना ओरडता येत नव्हतं, म्हणून ते सगळ्यांचं ओरडून होईपर्यंत थांबले. मग म्हणाले, "मी काही सांगत नाही. तुमच्यातलाच एक जण कासव व्हा. दुसऱ्याने ठोकळे मांडा."

भटू पुढे आला. त्याला खोळ घातली. ठोकळे मांडायला उखर्डू आला. गुरुजींनी समजावलं, बाण काय, आकडा काय, पुन्हा काय. उखर्डूने नीट ऐकलं. मग बाणावर दहा लिहिलं, बाण पुन्हाच्या पोटात घातला, आणि पुन्हावर पाच.

"एवढंच?" गुरुजींनी विचारलं.

"इतलंच," उखर्डू म्हणाला. त्याचा चेहरा शांत होता.

भटू निघाला. दहा पावलं. पुन्हा दहा. शाळेचं फाटक गेलं. पुन्हा दहा. गाव मागे. चौथ्या दहाला उकिरडा सुरू झाला, आणि भटू थोडा रेंगाळला, पण 'थांब' असा ठोकळाच नव्हता. सगळा गाव ओरडून मोजत होता. पन्नासाव्या पावलाला भटू गुडघाभर शेणात उभा होता, अगदी मध्यभागी, आणि खोळीतून विचारत होता, "झायं का?"

उखर्डूला आयुष्यात पहिल्यांदा शिक्षणाचं महत्त्व पटलं.

"भूत नही, भानामती नही," तो म्हणाला. "याले चालाडनारा जे सांगी तेच हाई करस. पन गुरुजी, माप खरं येस का? ते समजाले सरळ बांध पाहिजे. गावमा सरळ बांध एकच, आबाना. ठोकळा आबाना वावरले फिरवा. आबाना बांधवर उना तं ठोकळा खरा."

"बराबर!" गाव म्हणाला. ज्या बांधाच्या मालकाने गावातला प्रत्येक बांध सरळ केला, त्याचाच बांध घ्यायला हवा, यात कोणाला काही खटकलं नाही. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. आबांनी मान हलवली. त्यांच्या शेजारी अभिमननेही हलवली. दोघांच्या माना एकाच वेळी, एकाच नाइलाजाने हलल्या, आणि दोघांनी ते पाहिलं.

रविवारी सकाळी आबांनी ताईबाईला गुळाचा खडा दिला, अभिमनच्याच भेलीतला.

"ताई, विहिरकडे जाशी तवय पाय जरासा लांब टाकजो हा."

"कसाले?"

"सवयले बरं."

ताईबाईने गूळ तोंडात टाकला. "आबा, कासवले लांब-आखूड समजत नही," ती म्हणाली, आणि गूळ चघळत खोळ आणायला गेली. गूळ काही परत केला नाही.

वावरावर सारा गाव. सुपडू गुण्या घेऊन. आबांच्या आजोबांनी वाटणी केली तेव्हाचं सगळ्यांना ठाऊक होतं: वावर लांबीच्या निम्मं रुंद, चारी कोन काटकोन. उत्तरेला गाडरस्त्याच्या कडेचे दोन कोनदगड अजून शाबूत होते. रस्त्यात सरकवले तर गाडीचं चाक मोडतं म्हणून ते कोणी हलवत नसे. अभिमनच्या बांधावरचे दोन दगड मात्र कधीच गेले होते. कुठे, ते कोणी विचारत नसे.

ताईबाई विहिरीकडच्या दगडावरून निघाली, रस्त्याकडेने निंबाकडच्या दगडापर्यंत. दोनशे साठ पावलं. "म्हणजे रुंदी एकशे तीस," गुरुजींनी खडूने लिहिलं. पुढे दोनशे साठ, उजवीकडे, पुढे एकशे तीस, उजवीकडे. हे सगळं पुन्हाच्या पोटात. पुन्हावर दोन. "दोन्ही वेळा झाल्या की कासव निघालं त्याच दगडावर यायला हवं. आलं तर चौकट बरोबर."

ताईबाई परत पहिल्या दगडावर गेली, डबा राखेने भरून घेतला आणि निघाली. निंबाकडच्या दगडावर सुपडूने तिच्या पायाशी गुण्या ठेवला, काठीवाला पोरगा पुढे जाऊन उभा राहिला. ती दक्षिणेला वळली. शंभर. एकशे दहा. एकशे बावीसला बांध आला. ताईबाई बांध चढली, उतरली, आणि अभिमनच्या वावरात चालत गेली. आठ पावलं.

"पोर अभिमनना वावरमा गई!" कोणीतरी ओरडलं.

आबांना आधी समजलं नाही. मग एकदम समजलं. निंबाखाली बांध आठ पावलं त्यांच्याकडे सरकलेला होता. "ते वावर मनं शे!" ते गर्जले. "चोर! बावीस वरीस माले गूळ खावाडीसन..."

अभिमन निंबाच्या खोडाकडे बघत होता. खोड काही मदत करेना.

पण ठोकळ्याला भांडणाशी कर्तव्य नव्हतं. ताईबाई पश्चिमेला वळली आणि दोनशे साठ चालू लागली. राखेची रेघ अभिमनच्या वावरातून हळूहळू बांधाकडे येत होती. निम्म्यावर तिने बांध ओलांडला. मग ती आबांच्या वावरात शिरली, आणि बांध तिच्यापासून दूर दूर जाऊ लागला, दक्षिणेला. विहिरीजवळ ती थांबली तेव्हा बांध तिच्या डावीकडे बरोबर आठ पावलांवर होता. ती उत्तरेला वळली, एकशे तीस चालली, आणि तिच्या अंगठ्याला दगड लागला.

वावरावर बांध आणि राखेची रेघ मिळून एक मोठी कात्री पडली होती. कोणाला काही समजावून सांगायची गरज नव्हती. निंबाकडे अभिमनने जेवढं खाल्लं होतं तेवढंच विहिरीकडे आबांनी. बावीस वर्षं दोघांनी जिवाची धाकधूक करून जी चोरी केली, तिच्यात कोणाच्या पदरात एक ढेकूळही जास्त पडलं नव्हतं. फक्त बांध तिरपा झाला होता.

आधी वच्छलाबाई हसली. मग गाव हसायला लागला, आणि ते दुपारपर्यंत चाललं.

आबा मात्र हटले नाहीत. "पोरनी नजर हालनी," ते म्हणत राहिले. "बठ्ठा गाव बोलस, ती भेदरनी. हाई माप नही." गाव जेवायला गेला तरी आबा वावराच्या कडेला बसून राहिले. पलीकडे अभिमनही बसून राहिला. आणि तीनच्या सुमारास, जसा फाल्गुनात उठतो तसा, पश्चिमेकडून वारा उठला. धूळ, पऱ्हाटीचा पाचोळा, आणि त्यात राख. पाहता पाहता रेघ पुसट झाली, तुटली, उडून गेली. आबा उभे राहिले. अभिमनही. दोघं एकमेकांकडे बघून बावीस वर्षांत पहिल्यांदा मनापासून हसले.

"कोठे शे रेघ?" चारला गाव परत आला तेव्हा आबांनी विचारलं. "दाखाडा. कोठे शे?"

"नही," अभिमन म्हणाला. "रेघ नहीच."

गुरुजींनी चष्म्याची दोरी सारखी केली. ताईबाईने त्यांच्याकडेही पाहिलं नाही.

"रेघ गई तं काय झायं?" ती म्हणाली. "ठोकळा शेतस ना."

तिने डबा भरला, खोळ घेतली, दगडावर जाऊन उभी राहिली. सुपडूने गुण्या उचलला. आणि पुन्हा तेच. दोनशे साठ. उजवीकडे. एकशे तीस. बांध चढली, उतरली, आठ पावलं. पश्चिमेकडे, निम्म्यावर बांध ओलांडून, विहिरीपासून आठ पावलं अलीकडे. तीच कात्री, त्याच जागी. अंगठा दगडाला लागला तेव्हा गावात कोणी हसलं नाही. सगळे आबांकडे बघत होते. उखर्डू बघत होता, भटू बघत होता. गेल्या वीस वर्षांत ज्याचा ज्याचा बांध आबांनी मोजला होता तो प्रत्येक जण बघत होता, आणि मनातल्या मनात आपापल्या बांधावर परत जात होता.

"दोन डाव कसंबी येस," आबा म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच अनोळखी वाटला. "आखो एक डाव करा."

"कितीदा करू, आबा?" गुरुजींनी विचारलं. त्यांच्या एका हातात पुन्हाचा ठोकळा होता, दुसऱ्यात खडू. "आकडा सांगा. लिहितो."

आबांनी खडूकडे पाहिलं. ताईबाईकडे पाहिलं. ती दगडावर उभी होती, राखेने गुडघ्यापर्यंत पांढरी, थकलेली नव्हती. त्यांच्या लक्षात आलं, ही पोरगी शंभरदा चालेल, आणि शंभरदा तिथेच येईल.

"पुरे," ते म्हणाले.

मग ते घराकडे गेले. गावाला वाटलं, आबा गेले, आता येत नाहीत. आबा कुदळ घेऊन आले. विहिरीच्या टोकाला, बांधावर उभे राहिले, आणि ज्या बांधाला कोणी हात लावू धजत नव्हतं त्याला पहिला घाव घातला. पलीकडे निंबाखालून दुसऱ्या कुदळीचा आवाज आला.

माती राखेच्या रेघेपर्यंत ओढायची आणि नवा बांध घालायचा. दोघं एकमेकांकडे तोंड करून कामाला लागले. भरवसा कोणाचा कोणावर नव्हता. आबांनी दहा घाव घातले आणि ताईबाईला हाक मारली.

"ताई, जाय तठे. अभिमन रेघवर माती टाकस का बाहेर, देख."

ताईबाई निंबाकडे पळत गेली. अभिमनच्या कुदळीशी वाकून बघितलं, रेघेला हात लावून बघितलं. मग उठली, रेघेवरूनच पळत आबांच्या टोकाशी आली, त्यांच्याही कुदळीशी वाकून बघितलं, आणि सगळ्या वावरावर ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली,

"आबा, अभिमन आबा बराबर शे! तुम्हनीच माती वीतभर बाहेर पडी राहिनी!"

कुदळ हवेतच थांबली. आबांनी पायाशी पाहिलं. रेघ तिथे होती, आणि माती तिच्या वीतभर दक्षिणेला.

त्यांनी कुदळ खाली ठेवली, वाकले, आणि दोन्ही हातांनी ती माती रेघेवर ओढून घेतली.